सरवा वेचणाऱ्या बायका आणि थायलंडचे शेतकरी

परवा रात्री परत अराया रासजार्मरीनसूकचं ‘द टू प्लॅनेट्स’ बघत बसले, २००८ च्या आसपासची व्हिडिओ सिरीज आहे. अराया थायलंडची आर्टिस्ट, तिथल्याच चियांग माईला शिकवायची. तिने केलं काय, तर माने, मिले, रेन्वार, व्हॅन गॉग या जुन्या युरोपियन चित्रकारांच्या पेंटिंग्सच्या मोठ्या कॉप्या चक्क फ्रेमसकट उघड्यावर नेऊन ठेवल्या आणि समोर गावकऱ्यांना बसवलं. बस. कॅमेरा हलत नाही, आपल्याला दिसतात त्यांच्या पाठी आणि समोर ते चित्र, आणि मग गप्पा सुरू. कोणी गाइड नाही, भिंतीवर माहितीचा बोर्ड नाही. चित्रावरून गाडी कधी गावगप्पांवर जाते कळतच नाही, मध्येच सगळे खो खो हसतात. मला जाम आवडतं ते हसणं!

त्यात मिलेचं १८५७ चं ‘द ग्लीनर्स’ आहे ना, वाकलेल्या तीन बायका, कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचतायत, ते बघायला शेतकरीच बसलेत. म्हणजे ज्यांची कंबर रोज अशी वाकते तेच. समीक्षकांनी यावर पानंच्या पानं लिहिलीत, पण आपल्याकडे याला साधा शब्द आहे, सरवा. माझी आजी जायची सरवा वेचायला, ओटीत कणसं घेऊन यायची. तिला हे चित्र दाखवलं असतं तर ती आधी म्हणाली असती, अगं मागे बघ, गंजी केवढ्या रचल्यात, आणि यांच्या हातात एवढीशी मूठ.