सोराचा शिफ्टर, माउंटनचा डिरेलर आणि तुळजापूरचा घाट

बरेच दिवस लिहायचं म्हणत होतो, कारण गेल्या दोन महिन्यांत आपल्या सायकल ग्रुपमधल्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला, की सर एका कंपनीचा डिरेलर (मागच्या चकत्यांवर चेन सरकवतो तो भाग) दुसऱ्या कंपनीच्या शिफ्टरला (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याला) चालतो का. फोनवर सांगून होत नाही म्हणून सगळं इथं लिहून ठेवतो.

माझ्या जुन्या सायकलला शिमानो कंपनीचा सोरा हा गिअर सेट, ९ स्पीड म्हणजे मागं नऊ चकत्या, पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात आणि मागं ११ ते २८. सोलापुरात फिरायला काहीच अडचण नाही, होटगी रोड घ्या नाहीतर अक्कलकोट रोड, सगळं सपाट. पण रविवारी आम्ही तुळजापूरला जातो, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर होतात, तामलवाडीपर्यंत मजेत जाणं होतं आणि मग शेवटी तो घाट. पंचविशीत ३४-२८ वर उभं राहून चढायचो, आता सत्तेचाळीस चालू आहे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहिलं की गुडघे बोलतात. ३४-२८ ला पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.६ मीटर पुढं जाते, मागं ३६ ची चकती टाकली तर २ मीटर. ऐकायला फरक छोटा वाटतो पण घाटात एवढाच फरक लागतो बघा, बसून चढता येतं.

आता ३६ टाकायची म्हणजे नुसती कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) बदलून भागत नाही. माझा डिरेलर छोट्या पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे त्याचा चेन ओढून धरणारा खालचा भाग), एक तर तो एवढ्या मोठ्या चकतीखाली बसत नाही आणि दुसरं म्हणजे चेनचा ढिलेपणा. हिशोब सोपा आहे, पुढच्या दोन चकत्यांतला फरक १६, मागच्या सगळ्यात मोठ्या आणि लहान चकतीतला फरक २५, बेरीज ४१. एवढी चेन ओढून धरणारा लांब पिंजरा पाहिजे.

मग मी चूक केली. एकाकडं शिमानोच्याच टियाग्रा ४७०० ह्या १० स्पीड सेटचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर वापरलेला पण एकदम चांगला मिळाला, बाराशे रुपयांत. ३६ चा कागदोपत्री आकडा त्याचाही नव्हता, ३४ चा होता, पण म्हटलं बी-स्क्रू (डिरेलर चकतीपासून लांब करायचा स्क्रू) आवळून बसवू. शिमानोचाच आहे, दहाचा आहे तर नऊला का चालणार नाही, डिरेलरला कुठं माहीत असतं मागं किती चकत्या आहेत. ही शेवटची गोष्ट खरी आहे पण अर्धीच खरी.

मंगळवार पेठेत एक मामा आहेत, चाळीस वर्षं सायकलीच करतात, त्यांच्याकडं बसवायला गेलो. पहिले दोन गिअर नीट पडले, तिसऱ्याला चेन दोन चकत्यांच्या मधी खरखरत राहिली, वायर ताणली तर वरचे जमले आणि खालचे गेले. मामा तासभर झटले. शेवटी पाना खाली ठेवून म्हणाले, "सर, ह्येचं आन शिफ्टरचं माप येगळं हाय ओ, कितीबी ताणा, बसायचं नाय." माप वेगळं हा शब्द त्यांनी नेमका वापरला, मला तो तेव्हा कळला नाही.

घरी येऊन वाचत बसलो आणि मग एमआयडीसीत पॉवरलूमचे पार्ट बनवणाऱ्या मित्राकडून व्हर्निअर आणला. शिफ्टरची एक क्लिक केली की वायर किती ओढली जाते ते मोजलं, साधारण २.५ मिलिमीटर. आता डिरेलर ती ओढ काही पटीनं वाढवून आडवा सरकतो, ती पट म्हणजे रेशो. शिमानोच्या ९ स्पीडच्या डिरेलरचा रेशो १.७ धरतात. २.५ गुणिले १.७ म्हणजे ४.२५, आणि ९ स्पीड कॅसेटमधे एका चकतीच्या मधापासून दुसरीच्या मधापर्यंत अंतर आहे ४.३५ च्या आसपास. एवढा बारीक फरक वरचं जॉकी व्हील (डिरेलरमधलं चेनचं छोटं चाक) सांभाळून घेतं, ते मुद्दाम थोडं आडवं हलतं. पण टियाग्रा ४७०० चा रेशो ११ स्पीडवाल्या रोड डिरेलरसारखा, १.४. म्हणजे २.५ गुणिले १.४, झाले ३.५. प्रत्येक क्लिकला जवळपास ०.८५ मिलिमीटर कमी, आणि आठ क्लिक मिळून जवळजवळ सात मिलिमीटर, म्हणजे दीड चकतीपेक्षा जास्त. मामा दिवसभर झटले असते तरी ते बसणार नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की दोन्ही पार्ट एकाच कंपनीचे होते. आपण ब्रँड जुळला की निवांत होतो. आणि उलटं पण होतं, ब्रँड वेगळा दिसला की घाबरतो आणि चांगली वस्तू सोडून देतो.

हे सगळं क्लिकमुळं झालं. पूर्वी डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या दांडीवर) बिनक्लिकचे, फ्रिक्शनचे लिव्हर असायचे, हातानं हवं तेवढं सरकवायचं आणि कानानं ऐकून थांबायचं, त्यामुळं कुठलाही डिरेलर कुठल्याही लिव्हरला चालायचा. १९८४ मधे शिमानोनं ड्युरा-एस ७४०० ह्या सेटमधे क्लिकवालं इंडेक्सिंग आणलं, तेव्हापासून माप शिफ्टरमधे बंद झालं. आणि गंमत म्हणजे त्या ड्युरा-एसचं माप शिमानोच्याच बाकीच्या सेटपेक्षा वेगळं होतं.

तर आता जुळतं काय ते. ज्यांच्याकडं १० स्पीडचं शिमानोचं जुनं १०५ किंवा ४७०० च्या आधीचं टियाग्रा आहे, त्यांचा शिफ्टर २.३ ओढतो, रेशो १.७, आणि कॅसेटचं अंतर ३.९५, जमतं. ११ स्पीड रोडला २.७ आणि १.४, अंतर ३.७४, तेही जमतं. स्राम ही दुसरी कंपनी, तिच्या १० स्पीड रोड शिफ्टरची ओढ ३.१ आणि रेशो १.३. आता स्रामचा शिफ्टर आणि शिमानोचा जुना १० चा डिरेलर एकत्र लावून बघा, ३.१ गुणिले १.७ म्हणजे ५.२७, एका क्लिकला चेन चकती ओलांडून पुढं जाणार. उलटं केलं तर जेमतेम ३ येतात, चेन अर्ध्यातच अडकणार. दोन्हीकडं १० लिहिलंय म्हणून काही उपयोग नाही. कॅम्पॅग्नोलोचं माप आणखी वेगळं, ते इथं कुणाकडं नाही म्हणून सोडून देतो.

पण कॅसेट आणि चेन मात्र एवढ्या हट्टी नाहीत. स्राम आणि शिमानोच्या १० स्पीड कॅसेटमधलं अंतर एकच आहे. आमच्यातल्या एकाच्या सायकलला स्रामचा रायव्हल सेट, १० स्पीड, विजापूर रोडला खड्ड्यात पडून डिरेलर मोडला, तो १०५ चा डिरेलर घ्यायला निघाला होता, त्याला थांबवलं. स्रामच्या १० स्पीड माउंटन बाइकच्या डिरेलरचं माप त्यांच्या १० स्पीड रोडसारखंच आहे, तसला जुना एक्स-७ मिळाला, तो लावला. कॅसेट टियाग्राची, चेन केएमसीची, आणि सायकल मस्त चालते. चेन घेताना फक्त स्पीडचा आकडा बघा, नऊला नऊची, दहाला दहाची. नऊची चेन दहाच्या कॅसेटमधे शेजारच्या चकतीला घासते कारण ती बाहेरून जाड असते.

माझ्याबाबतीत उत्तर घरातच होतं. शिमानोच्या ९ स्पीडमधे रोड आणि माउंटन दोन्हीच्या मागच्या डिरेलरचा रेशो एकच, त्यामुळं शिमानोच्याच अलिव्हिओ ह्या माउंटन सेटचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर घेतला, सनरेसची ११-३६ कॅसेट, केएमसीची ९ ची नवी चेन. चेन कापताना जुन्या चेनच्या कड्या मोजून कापू नका, पुढं मोठी आणि मागं मोठी चकती घेऊन, डिरेलरमधून न ओवता गुंडाळून त्यात दोन कड्या वाढवा. ५०-३६ चुकून जरी पडलं तरी हँगर (डिरेलर फ्रेमला जिथं लटकतो तो तुकडा) मोडणार नाही एवढी लांबी पाहिजेच.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. माझ्या ह्या माउंटन डिरेलरला बॅरल अ‍ॅडजस्टर (वायरचा ताण बारीक कमी-जास्त करायचा फिरता स्क्रू) नाही, कारण माउंटनच्या शिफ्टरवर तो असतो. सोराच्या शिफ्टरवर नाही. म्हणजे वायर एकदा बांधली की बारीक ताण द्यायला जागाच नाही. वायरच्या मधे लावायचा छोटा अ‍ॅडजस्टर मिळतो, तो हँडलजवळ आउटर केबल कापून बसवला. हे आधी माहीत नसेल तर डिरेलर खराब आहे असंच वाटतं. आणि हँगर सरळ आहे का ते आधी तपासा, मामांनी माझा बघितला तर किंचित आत वाकला होता, तोपण त्यांनी सरळ केला. दुसरी गोष्ट, चाकाचा हब ११ स्पीडचा असेल आणि त्यावर ८, ९ किंवा १० ची कॅसेट घालायची असेल तर मागं १.८५ मिलिमीटरची रिंग घालावी लागते, नाहीतर कॅसेट हलत राहते.

मागच्या रविवारी पहाटे पाचला तुळजापूर नाक्यावरनं निघालो. घाटाच्या पायथ्याला ३६ वर टाकली, बसूनच होतो, मिनिटाला साठ पायडल, तासाला सातच्या आसपास वेग, आणि चेनचा आवाजसुद्धा नाही. कोजागिरीला आपल्याकडची माणसं ह्याच रस्त्यानं चालत देवीला जातात, आईपण जायची, तिची आठवण आली. वर पोचल्यावर गुडघा दाबून बघितला, काही नाही. परत येताना मामांसाठी पेढे आणले.

तो टियाग्रा ४७०० चा डिरेलर माझ्याकडं डब्यात तसाच आहे, त्याच्यात काही खोट नाही. ग्रुपमधे कुणाकडं ४७०० चेच शिफ्टर असतील नाहीतर शिमानोचे ११ स्पीड रोडचे वायरवाले, तर रविवारी राइडला सांगा, पैसे नकोत, घेऊन जा.