सोयाबीनच्या पोत्यात सरकी कुठून आली?

निपाणी भागातल्या आमच्या शेतकरी गटाचं सोयाबीन एका निर्यातदाराने युरोपसाठी मागितलं. अट एकच, माल जीएममुक्त हवा, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या पिकाचा अंश त्यात नको. भारतात जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही, त्यामुळे गटात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

वाण शुद्ध ठेवणं आम्हाला नवं नव्हतं. आमच्या जेएस-३३५ या सोयाबीन वाणाची फुलं जांभळी असतात, पांढरं फूल दिसलं की ते झाड मुळासकट उपटायचं. सोयाबीनचं परागीभवन फुलाच्या आतच उरकतं, म्हणून बियाण्याच्या प्लॉटला शेजारच्या वाणापासून ३ मीटर अंतर पुरतं. खरी भेसळ होते मळणीत. मशीन सकाळी एकाच्या शेतात उडीद मळतं आणि दुपारी तसंच आपल्या रानात येतं. आम्ही जाळी काढून आतून झाडायला लावलं आणि पहिली पोती बाजूला ठेवली. मशीनवाला वैतागला, "दादा, एवढ्यात एक एकर उरकलं असतं की." थांबल्या वेळेचे पैसे कबूल केल्यावर त्याची कुरकुर बंद झाली.

एवढं करूनही प्रयोगशाळेचा अहवाल आला, '३५एस आढळला'.

हा ३५एस म्हणजे बऱ्याच जीएम पिकांत घातलेला जनुकाचा एक तुकडा. पहिल्या चाचणीत तो आहे की नाही इतकंच कळतं, कुठल्या पिकातून आला ते नाही. निर्यातदाराने गाडी थांबवली. गटात एकमेकांकडे बघणं सुरू झालं. कुणी चोरून बाहेरचं बियाणं पेरलं का? चार दिवस बैठकीत नीट बोलणं म्हणून झालं नाही. शेवटी जादा पैसे भरून तुकडा कोणत्या पिकाचा हे शोधायला सांगितलं. उत्तर आलं, जीएम सोयाबीन नाही, कापूस.

आमच्या शिवारात कापूस नाही. पण गोठा कुणाकडे नाही? २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे जीएम कापसाला, परवानगी मिळाली आणि आज देशातला बहुतेक कापूस बीटीच आहे. म्हणजे म्हशीपुढे पडणारी सरकी पेंडही त्यातलीच. पेंडेचं पोतं रिकामं झालं की दोनदा झटकायचं आणि त्यात धान्य भरायचं, ही आमच्याकडची जुनीच रीत. मी एक पोतं उलटं करून पाहिलं. तळाच्या शिवणीत काळपट टरफलं आणि पांढरी तूस घट्ट बसली होती, नखाने उकरली तेव्हा सुटली. डोळ्याला न दिसणारी धूळही प्रयोगशाळेतली पीसीआर ही जनुकांची चाचणी पकडते, तिथे हे तर उघड दिसत होतं.

युरोपात परवानगी असलेल्या जीएमचा अंश ०.९ टक्क्यावर गेला की लेबलवर छापावं लागतं. खरेदीदार मात्र तिथपर्यंत थांबत नाही, तो 'आढळला' एवढा शब्द वाचूनच माल परत करतो.

पेंडेच्या पोत्यांतला माल बाजार समितीत घातला, तिथे त्याला काही अडचण नव्हती. उरलेला नव्या बारदानात भरला, प्रत्येक पोत्यावर सभासदाचा नंबर टाकला आणि गोडावूनातून पशुखाद्य हलवलं. नमुना घेताना प्रत्येक पोत्यात पोकळ नळी खुपसून दाणे काढले, कारण धूळ ढिगात सारखी पसरलेली नसते, चार पोत्यांवरून काहीच ठरत नाही. सगळे दाणे एकत्र कालवून तीन वाटे केले. एक वाटा सील करून आमच्याकडे ठेवला, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगेन. उद्या वाद झाला तर हातात काहीतरी असावं.

दुसरा अहवाल स्वच्छ आला. मग ट्रक आला तर हौद्याच्या फटीत मका! झाडल्याशिवाय भरणार नाही म्हटल्यावर ड्रायव्हरने कन्नडमध्ये चार शब्द सुनावले, मीही त्याला कन्नडमध्येच परतवले. तासाभराने झाडून झालं.

जादा दरातले किती पैसे तपासणीत आणि बारदानात गेले, यावर हिशेबाच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. पुढच्या हंगामात पोती गटाच्या खर्चानेच घ्यायची, एवढं मात्र एकमताने ठरलं.