जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम आजच्या टीव्हीवर: माझा अनुभव

माळ्यावरून जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम खाली काढायचा, टीव्हीला जोडायचा आणि पडदा करडाच राहिला की "चिप गेली" म्हणून भंगारात द्यायचा, असं बऱ्याच घरांत होतं. मी असे तीन संच पुन्हा चालू केले आणि तिन्हींत चिप धडधाकट निघाली. बिघाड होता तो अडॅप्टरमध्ये, कॅसेटच्या पट्ट्यांवर आणि टीव्हीला जोडणाऱ्या वायरीत. म्हणून ज्या क्रमाने तपासलं त्याच क्रमाने लिहितो. हा क्रम चुकला तर चांगला संच जळू शकतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले हे संच म्हणजे जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या व्हिडिओ गेम संचाच्या नकला. ६० पट्ट्यांची कॅसेट, नऊ भोकांच्या प्लगचे, हातात धरून खेळायचे दोन पॅड आणि मागे ९ व्होल्टचं भोक, एवढं दिसलं की ओळख पटली. नंतरच्या स्वस्त संचांत सगळं सर्किट घट्ट झालेल्या राळेच्या एकाच काळ्या थेंबाखाली असतं. तो थेंब खरोखर गेला असेल तर दुरुस्ती नाही, पण तिथपर्यंत जाण्याआधी तपासायच्या गोष्टी खूप आहेत.

पहिला नियम असा की जुना अडॅप्टर थेट लावायचा नाही. तो आत नुसता ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर असलेला असतो. वर ९ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी भार नसताना माझ्याकडच्या अडॅप्टरने मल्टिमीटरवर १३.४ दाखवले. संचाच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो हे खाली आणून ५ व्होल्ट करतो. त्यामुळे १३ सुद्धा चालून जातात, मात्र फरकाची सगळी उष्णता त्या ७८०५ ला सोसावी लागते. संच ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर ९ व्होल्टवर १.२ वॅट उष्णता होते आणि १२ व्होल्टवर २.१ वॅट. आतला पत्र्याचा तुकडा एवढासा असतो. १२ व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर लावून तासभर खेळलात तर चित्र गोठतं, ते यामुळेच.

राउटरचा ९ व्होल्टचा, निदान अर्धा अँपिअर देणारा अडॅप्टर मिळाला तर उत्तम. फक्त ध्रुव, म्हणजे धन-ऋण बाजू, आधी पाहा. मूळ फॅमिकॉममध्ये पिनचा मधला भाग ऋण आणि बाहेरची कडा धन असते, राउटरच्या अडॅप्टरमध्ये बहुधा याच्या उलट. नकली संचांत दोन्ही प्रकार सापडतात. अंदाज करू नका. खालचे स्क्रू काढा, ७८०५ चा मधला पाय म्हणजे ग्राउंड, म्हणजे ऋण बाजू, तो अडॅप्टरच्या भोकातल्या कोणत्या भागाला जोडलाय ते मल्टिमीटरच्या बीपवर पाहा (दोन जागा आतून जोडलेल्या असल्या की तो बीप वाजवतो). छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. काही संचांत मध्ये डायोड असतो आणि त्यामुळे ग्राउंडचा बीप लागत नाही. अशा वेळी छापील रेघांवरून माग काढावा लागतो. ध्रुव उलटा असेल तर प्लग कापून वायरी अदलाबदल करा, जोडावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी, चढवा.

मग कॅसेट न लावता वीज द्या आणि उजव्या पायावर व्होल्ट मोजा. ४.८ ते ५.२ च्या मध्ये आलं की निर्धास्त. त्याहून कमी येत असेल तर ७८०५ बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो चिल्लर पैशांत मिळतो. शेजारचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, बहुधा १००० मायक्रोफॅरॅडचा, त्याच वेळी बदलून टाका आणि १६ ऐवजी २५ व्होल्टचा घ्या. चित्रावर दोन आडवे काळपट पट्टे सावकाश सरकत असतील तर गुन्हेगार हाच कपॅसिटर असतो, नाहीतर जुना अडॅप्टर.

आता कॅसेट. फुंकर मारायची सवय सगळ्यांना आहे. फुंकर मारल्यावर गेम चालू व्हायचा, कारण आपण कॅसेट काढून पुन्हा घालत होतो आणि त्या घासण्याने पट्ट्या साफ होत होत्या. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट तांबं काळं पडतं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या हवेत तर हिरवा थरही चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापसाची काडी भिजवून पट्ट्या उभ्या दिशेने पुसा, आडव्या नाही. काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसत राहा. माझ्या एका कॅसेटला अकरा काड्या लागल्या. तरीही डाग राहिले तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलका हात फिरवा आणि मग पुन्हा अल्कोहोल. शाईचा खरखरीत रबर किंवा पॉलिश पेपर वापरू नका. या स्वस्त कॅसेटींवर सोन्याचा मुलामा असलाच तर नावापुरता असतो, तो खरवडला की काही महिन्यांत पुन्हा तीच गत.

नुसती कॅसेट साफ करून भागत नाही, संचाचा स्लॉटही तितकाच मळलेला असतो. जुनं एटीएम कार्ड स्लॉटच्या रुंदीचं कापा, त्यावर पातळ सुती कापडाचा एकच पदर गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि वीज बंद ठेवून दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. जाड कापड घेतलं तर आतल्या पिना कायमच्या फाकतात आणि मग कॅसेट सैल बसते. पूर्ण वाळायला दहा मिनिटं द्या. या टप्प्यानंतर माझ्या तीनपैकी दोन संच सुरू झाले.

चित्र आलं, पण अक्षरांच्या जागी चौकोनांचा सडा पडलाय? त्याचा अर्थ प्रोसेसर चालतोय आणि चित्रांच्या मेमरीकडे जाणारी एखादी पट्टी टेकत नाहीये. ही चांगली खूण आहे, पुन्हा साफ करा. पडदा एकाच रंगाचा स्थिर राहिला तर प्रोग्रामच वाचला जात नाही. दुसऱ्या कॅसेटने पडताळा घेतल्याशिवाय संचाला दोष देऊ नका.

टीव्हीपाशी मात्र खरा वेळ जातो. बऱ्याच नव्या टीव्हींवर पिवळी-पांढरी भोकं नसतात, "एव्ही इन" लिहिलेलं ३.५ मिलिमीटरचं एकच भोक असतं. त्यासाठी चार कड्यांची वायर लागते आणि दुकानदार कोणतीही हातात देतो. वायरींवर ग्राउंडची कडी एकाच जागी नसते. कॅमेऱ्याबरोबर येणारी वायर दिसायला हुबेहूब तशीच, पण तिच्यावर टीव्हीत चित्रच येत नाही. मी ओळखायची युक्ती अशी वापरतो: टीव्हीचा प्लग भिंतीतून काढायचा, वायर टीव्हीच्या भोकात घालायची, आणि तिच्या पिवळ्या टोकाची बाहेरची कडा व एचडीएमआय भोकाची धातूची कड यांच्यात बीप लागतो का पाहायचं. लागला तर ग्राउंड बरोबर आहे. मग फक्त चित्र कोणत्या टोकाला येतं ते शोधायचं. पिवळ्यात नाही आलं तर लाल, पांढरं लावून पाहा. बीप लागला नाही तर वायर बदला, डोकेफोड करू नका.

संचाला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत ॲनालॉग चॅनेलचा शोध चालवून पाहा. चित्र येतं, पण मुंग्या असतात. आत पत्र्याची एक बंद डबी असते, तिच्यात जाणाऱ्या वायरींपैकी एक चित्राची आणि एक आवाजाची. तिथूनच थेट आरसीए, म्हणजे पिवळी-पांढरी, भोकं काढली की चित्र कमालीचं स्वच्छ होतं. चित्र फिकट आलं तर मध्ये बीसी ५५७ सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असा छोटा टप्पा लागतो.

एव्ही भोक नसलेल्या टीव्हीसाठी लोक एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी घेतात. माझं स्पष्ट मत आहे की स्वस्त डबी घेऊ नये, आणि त्यामागे ठोस कारण आहे. टीव्हीचं जुनं चित्र ६२५ रेघांचं, दोन अर्ध्यांत येणारं, म्हणजे एका अर्ध्यात ३१२.५ रेघा. दुसरा अर्धा पहिल्याच्या फटींत बसतो. आपला संच दर वेळी पूर्ण ३१२ रेघा पाठवतो, त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावरच बरोबर पडतं. डबीला हे कळत नाही. ती सलग दोन चित्रांना एकाच चित्राचे अर्धे समजून विणते. मारिओ पळताना त्याच्या कडांना कंगव्यासारखे दात येतात, ते या विणकामामुळे.

याहून वाईट प्रकार लुकलुकणाऱ्या आकृत्यांचा. या चिपला एका आडव्या रेघेत आठच हलत्या आकृत्या दाखवता येतात. नववी आली की गेम त्यांना आळीपाळीने दाखवतो, एका फ्रेममध्ये ही, पुढच्या फ्रेममध्ये ती. जुन्या टीव्हीवर सगळ्या लुकलुकत का होईना, दिसायच्या. डबीने दोनपैकी एकच फ्रेम ठेवली की अर्ध्या आकृत्या पूर्ण गायब. काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये गर्दीच्या वेळी जी गोळी लागते ती पडद्यावर आलेलीच नसते. शत्रूचा धक्का लागून मोठ्याचा छोटा झालेला मारिओ काही क्षण लुकलुकतो, त्या वेळात तो पडद्यावरून नाहीसाच होतो. खेळणाऱ्याला वाटतं आपला हात गेला. टीव्हीचं स्वतःचं एव्ही भोक असेल तर आधी तेच वापरा, बऱ्याच टीव्हींत ते डबीपेक्षा बरं काम करतं.

मग उशीर. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत किती वेळ जातो ते घरी मोजता येतं. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ लावा, पॅडवरचा अंगठा आणि पडदा दोन्ही चौकटीत घ्या, बटण खाली बसल्याच्या फ्रेमपासून आकृती हलल्याच्या फ्रेमपर्यंत मोजा आणि ४.१७ ने गुणा, उत्तर मिलिसेकंदांत. दहा उड्यांची सरासरी घ्या. माझ्याकडे जुन्या डबा टीव्हीवर ७ फ्रेम आल्या, म्हणजे साधारण २९ मिलिसेकंद. एलईडी टीव्हीवर मूळ सेटिंगमध्ये ३८ फ्रेम, जवळपास १५८ मिलिसेकंद. "गेम" मोड लावल्यावर १४ फ्रेम, ५८ मिलिसेकंद. १५८ वर मारिओची खड्ड्यावरची उडी दर तिसऱ्यांदा फसते, ५८ वर सराव होतो. काही टीव्हींत गेम मोड फक्त एचडीएमआयला लागू होतो. तिथे चित्र गुळगुळीत करणारे, गोंगाट कमी करणारे सगळे पर्याय एकेक करून बंद करा आणि दर वेळी पुन्हा मोजा. चित्राचा आकार ४:३ ठेवा, ताणलेल्या चित्रात उडीचा अंदाज चुकतो.

पॅडचं काम सोपं आहे. मागचे स्क्रू काढले की रबराची चादर आणि तिच्याखाली काळे ठसे दिसतात. दोन्ही अल्कोहोलने हलकेच पुसा. ठशांवर रबर घासू नका, ते निघून येतात. रबराचा काळा ठिपका झिजला असेल तर टीव्ही रिमोटच्या दुरुस्तीला मिळणारे कार्बनचे ठिपके चिकटवा. एक बाजू अधूनमधून चालत असेल तर रबर, सगळीच बटणं एकदम मरत असतील तर वायर. आत पाचच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, लॅच आणि डेटा. तुटते ती जवळजवळ नेहमी पॅडच्या तोंडाशी. तिथली तीन-चार सेंटिमीटर वायर कापून, रंग लिहून ठेवून, पुन्हा डाखा.

वेगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपले संच पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे. गेम मात्र बहुतेक जपानी, सेकंदाला ६० चित्रांच्या हिशोबाने लिहिलेले. त्यामुळे आपल्याकडे मारिओ एक षष्ठांशाने हळू पळायचा आणि संगीतही तेवढंच संथ वाजायचं, सूर मात्र जवळपास तोच. मोबाइलवरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संचाची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये, तोच गेम अंगावर येतो तो यामुळे. मला ५० चा वेगच हवा असतो, कारण बोटांना उड्यांची लय त्याच वेगाची आहे. इम्युलेटर वापरत असाल तर सेटिंगमध्ये "डेंडी" असा पर्याय शोधा. रशियात विकल्या गेलेल्या अशाच नकली संचाचं ते नाव, आणि वेग बरोबर आपल्याकडचा.

राहिली बंदूक. बदकांच्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही, ती दुरुस्त करायला जाऊ नका. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा डोळा तो चौकोन त्याच फ्रेममध्ये, २० मिलिसेकंदांच्या आत, दिसण्याची वाट पाहतो. एलईडीवर चौकोन उमटेपर्यंत गेमने "नेम चुकला" ठरवलेलं असतं. इथे गेम मोडचाही उपयोग नाही. यासाठी डबा टीव्हीच हवा. भंगारवाल्याकडे १४ इंची मिळाला तर घ्या, पण घेण्याआधी चालू करून चित्र उभं भरतंय ना ते पाहा, आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट उरलेले असतात. ब्राइटनेस थोडा वाढवा, खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, दीड मीटरवरून नेम धरा. एलईडीवर शंभर गोळ्या वाया घालवलेली तीच बंदूक डबा टीव्हीवर पहिल्याच बदकाला लागली.