देवगड ते वाशी: भरल्या पिकअपचा आवाज रस्त्यावर पकडताना

हापूसच्या हंगामात देवगडहून वाशीच्या बाजार समितीत माल पोचवायचा म्हणजे चारशे किलोमीटरच्या वरची रात्रीची दौड. आमची गाडी पिकअप, पुढे कॉइल स्प्रिंग आणि चाक धरणारे वरखाली आर्म, मागे पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. या खेपेला निघतानाच दोन आवाज सोबत होते. पुढे डाव्या बाजूला बारीक टकटक, आणि मागून मधूनच एक जाड ‘धड्’. गॅरेजवाल्याचं मत ठरलेलं, ‘शॉकअप गेले.’ गेल्या हंगामात त्याच मतावर शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी थोपवणारे दांडे, बदलून झाले होते आणि टकटक जशीच्या तशी राहिली होती. म्हणून या वेळी ठरवलं, नटाला पाना लावण्याआधी आवाज कधी येतो आणि कधी येत नाही हे धरायचं. माझं ठाम मत आहे की सस्पेन्शनचा, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधल्या स्प्रिंग-सांध्यांचा, आवाज भरल्या गाडीत, चालत्या गाडीत ओळखावा लागतो. रिकामी गाडी गॅरेजच्या दारात उभी करून जे सांगितलं जातं तो बहुतेक वेळा अंदाज असतो.

चुलतभाऊ शेजारी होता. तो इंजिनाची बरीच कामं स्वतः करतो. निघण्यापूर्वी त्याने सीटखालचा जॅक, टॉमी आणि पाने फडक्यात गुंडाळले, हौद्याखालची स्टेपनी हाताने हलवून तिची साखळी ताणली, फाळक्याच्या कड्या आवळल्या, सायलेन्सरचे रबर बघितले. ‘आधी ह्येंका गप्प कर, मगे दुसऱ्याचा आयकूया,’ म्हणाला. हे काम पाच-दहा मिनिटांचं, पण करायलाच हवं. सैल स्टेपनी आणि तुटलेला पाटा यांचे आवाज केबिनमध्ये बसून वेगळे करणं फार कठीण जातं. टायरमधली हवाही भरल्या वजनाप्रमाणे तपासून घ्या. कमीजास्त हवेने सगळेच आवाज बदलतात.

नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. तळेरे, खारेपाटण, राजापूर हा भाग काँक्रीटचा, गाडी शांत. फक्त पुलांच्या सांध्यांवर दोन्ही चाकं एकदम आपटायची, आणि तिथे पुढची टकटक जवळजवळ नसायची. खरी मजा वाकेडच्या पुढे. वाकेड ते आरवली हा महामार्गाचा बरीच वर्षं रखडलेला टप्पा. तिथे डायव्हर्जनच्या कडेला डावं चाक एकटंच खड्ड्यात गेलं की टक्, बाहेर आलं की टक्. गावातला आडवा स्पीडब्रेकर सरळ घेतला की काही नाही, तोच तिरका घेतला की लगेच.

एवढ्यावरून निम्मं काम होतं. स्टॅबिलायझर बार हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा. दोन्ही चाकं सारखी वर उचलली गेली तर त्याला पीळ बसत नाही. एकच चाक उचललं की बार पिळतो, आणि त्याला चाकाच्या बाजूशी जोडणारा लिंक रॉड किंवा सांध्यातला रबरी बुश झिजला असेल तर तो तेवढ्यात आवाज देतो. शॉकअपचा बुश गेला असता तर सरळ घेतलेल्या स्पीडब्रेकरवरही ठोका आला असता.

हातखंब्याला चहासाठी थांबलो तेव्हा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, चाकांना पुढे-मागे दगड. हे चारही झाल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच नाही. डावा लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवला तर वरच्या टोकाशी बोटांना स्पष्ट टिचकी लागली. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसच्या जागी तांबडी माती. उजवा लिंक रॉड त्याच जोराने हलवला, तो घट्ट. दोन्ही बाजू ताडून बघणं फार उपयोगी, कारण घट्ट म्हणजे किती घट्ट हे हाताला तेव्हाच कळतं.

शॉकअप मात्र कोरडे होते. तेल गळत असेल तर त्यावर ओली, काळपट धूळ चिकटलेली दिसते. लिंक रॉड सैल असला तरी गाडी सांभाळून पुढे नेता येते, वळणावर थोडी जास्त झुकते इतकंच. बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा, सैल निघाला असता तर मी हातखंब्यालाच थांबलो असतो. तो सुटला तर चाक आडवं होतं.

चिपळूणपर्यंत मागचा ‘धड्’ क्वचितच आला. परशुराम घाट चढतानाही नाही. कशेडीच्या बोगद्यात काच खाली घेतली. भिंतीमुळे त्या बाजूच्या चाकाचा आवाज परत कानावर येतो, रात्री दुभाजकाच्या काँक्रीट भिंतीलगतही हे जमतं. आत एक घूंऽऽ ऐकू आली आणि व्हील बेअरिंगची शंका आली. पण पुढे डांबरी पट्टा लागताच ती थांबली, म्हणजे ती काँक्रीटवरच्या खाचांची आणि टायरची. बेअरिंगची घरघर रस्ता बदलला तरी जात नाही. वेगाबरोबर ती वाढते आणि वळणावर बदलते. उजव्या वळणावर वाढली तर आधी डावं चाक तपासा, कारण वजन तिकडे जातं.

पोलादपूरच्या बाजूला उतार लागला आणि ‘धड्’ने आपला नियम सांगितला. ब्रेकवर पाय ठेवला की एकदा, सोडून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की एकदा. खड्डा असो नसो. ब्रेकच्या वेळी धक्का पुढून आला असता तर खालच्या आर्मचे बुश किंवा ब्रेकचा सैल कॅलिपर. हा मागून, सीटच्या पाठीतून जाणवत होता. मागून दोनच मोठे संशयित. जॉइंट क्रॉस, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा सांधा, किंवा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा दांडा, पाट्यांवर सरकतोय. जॉइंट क्रॉसचा ठोका क्लच सोडताना, पुढचा-मागचा गिअर बदलताना हमखास येतो. पेट्रोल पंपाच्या सपाट आवारात तसं करून बघितलं, आला नाही.

मग सुतळी काढली. पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (गोल टोकाचा) बोल्ट ते ॲक्सल हे अंतर एका बाजूला मोजून सुतळीला गाठ मारली आणि तीच सुतळी दुसऱ्या बाजूला लावली. माप जवळपास सारखं, म्हणजे ॲक्सलची जागा धरणारा, पाट्यांमधला सेंटर बोल्ट शाबूत. फरक आला असता तर गाडी टो करणं हाच मार्ग होता. पण ॲक्सल पाट्यांना बांधणाऱ्या डाव्या यू-बोल्टच्या नटाशी लालसर गंजाची पूड पडलेली आणि शेजारी लोखंड घासून चांदीसारखं चकचकीत झालेलं. धुळीने माखलेल्या चाकामागे चकचकीत लोखंड दिसलं की तिथे काहीतरी हलतंय, हे नक्की धरा.

महाडच्या अलीकडे रात्री उघडं असलेलं पाट्यांचं दुकान मिळालं. तिथला म्हातारा कारागीर म्हणाला, ‘पेट्या उतरवू नका दादा, भार चाकांवर असू दे.’ बरोबर होतं त्याचं. त्याने डावीकडचे दोन्ही यू-बोल्ट नवे घातले, कारण ताणलेला जुना बोल्ट पुन्हा आवळून टिकत नाही. एकेक करून बदलले, नट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळले. तुमच्या गाडीच्या पुस्तकात टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा असतो, तो दाखवा आणि टॉर्क पान्याचा आग्रह धरा. पाइप लावून अंदाजाने आवळलेला नट कमीही असू शकतो आणि जास्तही. आणि माल पोचल्यावर ते नट पुन्हा तपासा. नवे यू-बोल्ट पहिल्या खेपेत थोडे बसतात. आमच्याकडे वाशीला दोन नटांनी अजून थोडा फेर घेतला.

माणगावच्या कोंडीत वेळ गेला, पण आंबा मार न बसता उतरला. ते माझ्या लेखी सगळ्यात मोठं. सैल ॲक्सलचा प्रत्येक हिसका तळच्या पेटीपर्यंत जातो आणि डागाचा आंबा लिलावात वेगळा काढला जातो. दोन्ही लिंक रॉड नवी मुंबईतच घेऊन बदलले आणि पुढचा आवाज तिथेच थांबला.

परतीला गाडी रिकामी, आणि मागून वेगळीच करकर सुरू. भार असताना पाटे दाबलेले असतात, रिकाम्या गाडीत शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या कडीचे) बुश मोकळे कुरकुरतात. यासाठी पाण्याची बाटली पुरते. एका बुशावर पाणी ओता, गाडी थोडी चालवा. आवाज काही वेळ गेला तर तोच बुश, नाही तर पुढचा. रबरावर डिझेल किंवा जुनं ऑइल मारू देऊ नका. त्याने रबर फुगतं, कुजतं, आणि थेंब ब्रेकपर्यंत गेले तर दुसरंच संकट. नवा बुश बसवताना त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायला सांगा. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

ही सगळी तपासणी मे संपायच्या आत उरका. पाऊस लागला की ओल्या बुशांची करकर आपोआप बंद होते, झीज मात्र चालूच राहते, आणि गणपतीच्या गर्दीत गाडी भरून निघेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही.