वाटेत न थांबणारी गाडी

2024 च्या जूनमधला तो शनिवार. आईला घेऊन ग्वाल्हेरहून दतियाला निघालो होतो. तिथल्या पीतांबरा पीठातल्या धूमावती देवीचं दर्शन शनिवारी होतं, आणि बाबा गेल्यापासून आईचा तो महिन्यातून एकदाचा नेम आहे. डबरा मागे पडलं आणि आमच्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकने गिअर घेणं सोडलं. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. ऑटोमॅटिक गिअरची गाडी, त्यामुळे माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. दुपारचा एक वाजलेला. बाहेर ग्वाल्हेरकडचा जून काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला एका टपरीवाल्याने आपली खाट दिली, कडुनिंबाखाली. अडीच तास ती तिथे पडून होती आणि दर दहा मिनिटांनी मलाच विचारत होती, "तू पाणी प्यायलास का रे?"

त्या अडीच तासांत मी ठरवलं, की पुढची गाडी दिसायला कशीही असो, आईला घेऊन निघालो की ती वाटेत थांबता कामा नये.

आता "विश्वासू गाडी" हा शब्द सगळेच वापरतात. ती ओळखायची कशी, हे मात्र शोरूममध्ये कळत नाही. तिथे सनरूफ दाखवतात, मोठी स्क्रीन दाखवतात. मी आमच्या ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. बाबांच्या स्कूटरपासून आमच्या घरच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. तो एवढंच म्हणाला, "भैया, मॉडल का पहला साल मत खरीदना. जिसे तीन साल हो गए, उसके मालिक से पूछो." माझ्या सगळ्या शोधाचा पाया हेच वाक्य ठरलं.

लहान एसयूव्हीच का, तर दोन कारणं. आईचे गुडघे. हॅचबॅकमध्ये तिला खाली बसावं लागतं आणि उतरताना दाराला लटकून वर यावं लागतं. सीट थोडी उंच असली की ती नुसती सरकून बसते. दुसरं कारण आमची गल्ली. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, जनकगंजच्या बाजूला. एका अंगाला नाली, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा ओटा. मोठी गाडी आत येईल, पण दार उघडणार नाही. म्हणून चार मीटरच्या आतलीच हवी होती. कराच्या दृष्टीनेही ती रेष महत्त्वाची आहे. लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर कर कमी लागतो. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, त्यामुळे तिला ती सवलत नाही. पुष्कळांना हे माहीत नसतं, मलाही नव्हतं.

यादीत शेवटी तीन नावं उरली: टाटा पंच, ह्युंदाई एक्स्टर आणि मारुती फ्रॉन्क्स. मी टेप घेऊन गल्ली मोजली आणि मग कागदावरचे आकडे लावून पाहिले. एक्स्टर 1710 मिलिमीटर रुंद, पंच 1742, फ्रॉन्क्स 1765. हा फरक दोन इंचांचा, पण ओट्याशी रोज गाठ असणाऱ्याला दोन इंच पुष्कळ होतात. जमिनीपासूनची उंची तिघींचीही 185 ते 190 मिलिमीटरच्या दरम्यान, तेव्हा तिथे डोकं लढवण्यात अर्थ नव्हता.

मग मालकांना विचारायला सुरुवात केली. इथे मेकॅनिकच्या वाक्याने काम सोपं केलं. एक्स्टर 2023 च्या जुलैत आलेली, फ्रॉन्क्स त्याच वर्षी एप्रिलमध्ये. त्यांची इंजिनं कंपन्यांच्या इतर गाड्यांत आधीपासून धावत होती हे खरं, पण गाडी म्हणून त्यांना वर्ष-सव्वा वर्षच झालेलं. पंच 2021 च्या ऑक्टोबरमधली. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांची तीन वर्षं भरत आलेली होती. मी ओळखीतून चार मालक गाठले. एक ठाटीपूरचे निवृत्त मास्तर, एक रोज भिंडला ये-जा करणारे औषधांचे प्रतिनिधी, एक आमच्या आतेबहिणीचे दीर, एक मुरारचे दुकानदार. "आवडते का" असं कोणालाच विचारलं नाही. आवडतेच, पैसे घातलेले असतात. तीन प्रश्न विचारले: कधी टो करून आणावी लागली का? सर्व्हिसला दिलेली गाडी सांगितलेल्या दिवशी मिळते का? आणि मे महिन्यात मागे बसलेल्याला एसीची हवा लागते का? भिंडवाल्यांचं ऐंशी हजार किलोमीटर झालं होतं. चौघांपैकी एकालाही टो करून आणावी लागली नव्हती. माझ्या दृष्टीने हे उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं होतं.

चाचणीच्या फेरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेक जण घाई करतात. शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावरून दोन किलोमीटर फिरवून आणतात, तेही एकट्याला. मी हट्ट धरला की फेरी दुपारी दोनला हवी, घरची चार माणसं बसवून, आणि उरवाई गेटने किल्ल्यावर चढवून. तो चढ ज्याने पाहिलाय त्याला कळेल. अरुंद, वळणाचा, आणि वरून एखादी गाडी उतरत असली तर मध्येच थांबून पुन्हा चढावर उचलावी लागते. एका शोरूमने सरळ नकार दिला, मी तिथे पुन्हा गेलो नाही. बाकीच्यांनी गाडी दिली. चार माणसं, एसी पूर्ण, दुसरा गिअर. 1.2 लिटरची साधी पेट्रोल इंजिनं अशा वेळी जोर करतात, आवाज चढतो, पण चढतात. तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरइतकं गुळगुळीत चालत नाही, तो फरक पायाला कळतो. हवा दाबून जादा जोर देणाऱ्या टर्बो इंजिनाने तोच चढ हसत काढला. तरी टर्बो घेतली नाही. आमची गाडी आठवड्यातले पाच दिवस बाड्यापासून सिटी सेंटरपर्यंतच फिरणार. जितके भाग कमी, तितकं बिघडायला कमी, हे माझं मत. याच कारणाने गिअरही हाताचेच घेतले. डबऱ्याचा दिवस आठवला की मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आईला तिन्ही शोरूममध्ये नेलं. नुसतं "बसून बघ" असं न म्हणता दहा वेळा चढ-उतर करायला लावलं. पंचची दारं नव्वद अंशांपर्यंत उघडतात. आई सीटवर पाठ टेकून बसली, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले, हात कुठेही धरला नाही. उतरल्यावर म्हणाली, "ह्या दाराला मी पुरते आहे." ते ऐकलं आणि माझा निर्णय निम्मा झाला.

उरलेला निम्मा मात्र जड गेला. पंचला 2021 मध्येच, गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळालेले, पण तेव्हा तिच्यात एअरबॅग दोनच. एक्स्टरच्या प्रत्येक व्हेरिएंटमध्ये सहा. बायको म्हणाली, "अहो, सहा म्हणजे सहा." तिचं बरोबर होतं. बाजूने धडक बसली तर खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगचा उपयोग असतो, त्याला पर्याय नाही. दुसऱ्या बाजूने, तारे हे प्रत्यक्ष आपटून पाहिलेल्या सांगाड्याचे असतात, आणि एअरबॅग काम करते ती सांगाडा टिकला तरच. आठवडाभर घरात हाच विषय होता. शेवटी आपटून तपासलेली आणि तीन वर्षं रस्त्यावर पाहिलेली, या दोन गोष्टींकडे आम्ही झुकलो, आणि पंच ठरली. दुसरं कोणी हेच तोलून उलटं ठरवेल, आणि त्यालाही मी चूक म्हणणार नाही.

मग थांबलो, मेळ्यासाठी. ग्वाल्हेरचा माणूस गाडी मेळ्यात घेतो. माधवराव शिंदे महाराजांनी 1905 मध्ये सागरतालावर जनावरांचा मेळा भरवला, त्याचा हा आजचा अवतार. पापड आणि सॉफ्टीसाठी आम्ही लहानपणापासून जातोच, पण आता वाहनांचा विभाग हाच मोठा. मेळ्यात घेतलेल्या गाडीला आजीवन रोड टॅक्समध्ये 50 टक्के सवलत मिळते, मात्र नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच करावी लागते. म्हणूनच इंदूर-भोपाळच्या रस्त्यांवरही एमपी-07 ही ग्वाल्हेरची नंबरप्लेट दिसते. इंदूरच्या मावसभावाचा दर डिसेंबरात त्यासाठी फोन येतोच. एक लक्षात ठेवायचं: मेळा भरला म्हणजे सवलत सुरू झाली असं नाही, सरकारी आदेश निघावा लागतो. आदेशाआधी नोंदणी केली तर पूर्ण कर भरावा लागेल. बुकिंग करून ठेवावं, बिल आणि नोंदणी आदेशानंतर.

मेळ्याच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, आणखी एक खबरदारी लागते. गेल्या वर्षी बनलेल्या गाड्या याच महिन्यात खपवतात. त्यात गैर काही नाही, किंमत तशी कमी केली तर. पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापून येतं, आणि विकताना तेच वर्ष धरतात. पैसे भरण्याआधी मी यार्डात जाऊन गाडी पाहिली. टायरवर तो कधी बनला याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 4624 म्हणजे 2024 चा शेहेचाळिसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी बघितली, चॅसिस नंबरचा फोटो काढला, आणि ताबा घेताना तोच नंबर ताडला.

विम्याबाबत एका शोरूममध्ये मला सांगितलं गेलं की त्यांच्याचकडून घ्यावा लागेल. तसं बंधन नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा घ्यावाच लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आपल्या मर्जीवर, आणि दोन्ही कुठूनही घेता येतात. मी बाहेरून आणलेला कागद टेबलावर ठेवला, त्यांनी नऊ हजार उतरवले.

सप्टेंबर 2025 मध्ये अशा लहान गाड्यांवरचा कर 29 वरून 18 टक्क्यांवर आला. आठ महिने थांबलो असतो तर बरेच पैसे वाचले असते, हे मनाला लागलं. पण त्या आठ महिन्यांत आईच्या आठ दतियाच्या फेऱ्या झाल्या. पहिल्याच फेरीत, परतताना, डबऱ्याच्या अलीकडे तिने खांद्यावर टकटक केली. टपरी होती तिथेच. तिने खिडकीतून प्रसादाचा पुडा पुढे केला, आणि खाटेवर आता कोण झोपतं ते विचारलं.