आमची वाटचाल : तीन पिकं

२००९ साली भोसरीच्या गाळ्यात डीएनए जोडणारं जुनं मशीन, सिंथेसायझर, आणून बसवलं. आम्ही ऑलिगो, म्हणजे डीएनएचे आखूड तुकडे, बनवतो. प्रत्येक फेरीला साखळीच्या टोकावरचं टोपण, ट्रायटिल, सुटताना नळीतून केशरी धार उतरते. ती फिकी पडली की समजावं, असिटोनायट्राइल या द्रावकात ओल शिरली. मशीन स्क्रीनवर काहीही म्हणो, मी आधी धार बघतो. पहिली सहा-सात वर्षं बरी गेली.

२०१६मध्ये एका मोठ्या संस्थेने टीटीएजीजीजी या डीएनएच्या अक्षरांच्या पुनरावृत्तीचे चाळीस ऑलिगो मागवले. जी-क्वाड्रुप्लेक्सचं, म्हणजे जी (ग्वानीन) जास्त असलेल्या डीएनएच्या घड्यांचं, काम होतं. रेणूचं वजन मोजणाऱ्या माल्डीवर वजन चोख, माल गेला. आठवड्याने मेल आला: आमच्या एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारं मशीन) तीन पीक, म्हणजे आलेखावर तीन उंचवटे, दिसतात, माल अशुद्ध, पेमेंट थांबवलंय. घरी म्हटलं, "तीन पीक आलेत." आई म्हणाली, "वर्षाला तीन पिकं? मग तोंड का पाडलंस?"

तोवर एका स्पर्धकाने आमचा माल भेसळीचा असल्याचं दारोदार सांगून पुढचं रेट कॉन्ट्रॅक्ट उचललं. दोन मुलांना कामावरून कमी करावं लागलं. ते मी विसरलेलो नाही.

आमची पहिली ऑर्डर दिलेल्या मॅडमचा फोन आला, "अहो, फेकू नका. घेऊन या." त्यांनी एचपीएलसीला पॉलिमरचा अॅनियन एक्सचेंज कॉलम (रेणू विद्युतभारावर वेगळे करणारी नळी) लावला, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२वर नेला (सिलिकाचा कॉलम इथे विरघळेल) आणि तोच माल सोडला. एकच पीक. चार ग्वानीन चौकोनात बसतात, चौकोनांची चवड होते, मधे पोटॅशियम अडकतं. अल्कली ग्वानीनचा प्रोटॉन काढते आणि चवड मोडते. मॅडम म्हणाल्या, "साडी एकच, घड्या तीन."

कॅन्सरवाल्यांना याच घड्या हव्यात. टेलोमिअरमध्ये (गुणसूत्राच्या टोकाशी) आणि एमवायसीसारख्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांच्या तोंडाशी त्या पडू शकतात. औषधाने घडी पक्की केली की डीएनएची नक्कल काढताना तिथे अडकतं, तुटतं. बीआरसीए हे डीएनए सांधणारं जनुक बिघडलेल्या पेशींना ती तूट नीट सांधता येत नाही, त्या मरतात. सीएक्स-५४६१ हे औषध याच वाटेने माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं. उन्हाने कातडी भाजण्याचा त्रास मात्र त्यात दिसला. मॅडम नवे रेणू तपासतात: घडी किती अंशांनी उशिरा उलगडते, आणि साध्या दुहेरी डीएनएलाही रेणू चिकटतो का. सगळ्याला चिकटणारं औषध काय कामाचं? दोन्हींचे ऑलिगो आमचेच जातात.

नव्या मुलांनो, जी जास्त असलेला क्रम डीसॉल्टेडवर (नुसते क्षार काढलेल्या मालावर) भागवू नका. आणि बफरमध्ये पोटॅशियम आहे की लिथियम, ते ऑर्डरमध्येच लिहा. लिथियममध्ये घडी नीट टिकत नाही आणि दोष मात्र आमच्यावर येतो.

संस्थेचं पेमेंट चौदा महिन्यांनी आलं, तेही कापून. माफीचं पत्र अजून यायचंय.

गेल्या वर्षी त्याच स्पर्धकाचा फोन आला. जीवाल्या ऑलिगोत तीन पीक येतायत, काय करू? म्हटलं, पीएच १२वर चालवा. कॉलम कोणता, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.