कठडा

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत एक जुनी विहीर आहे. वर लोखंडी जाळी, आत पंप. पाणी झाडांना आणि गाड्या धुवायला. उन्हाळ्यात पाणी किती उरलंय हे बघायचं काम माझ्याकडे. नायलॉनच्या दोरीला दगड बांधलाय, फुटाफुटावर गाठी. 'डुबुक' ऐकू आलं की कठड्याशी दोरी चिमटीत धरायची आणि गाठी मोजत वर ओढायची.

गेल्या वर्षी पोरांच्या काळजीने कठडा दोन फूट वाढवला. पुढच्या मोजणीत अठराच्या वीस गाठी झाल्या आणि सेक्रेटरी हबकले. "अहो, आठवड्यात दोन फूट पाणी गेलं?" पाणी होतं तिथेच होतं!

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेली लेक हे ऐकून हसली. "बाबा, क्वांटम विहिरीत कठडा वाढवला तर पाणीही थोडं वर येतं."

तिची विहीर म्हणजे इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवणारी जागा: एक नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) रुंद, एक इलेक्ट्रॉन व्होल्ट खोल. ही खोली फुटांत नाही, ऊर्जेत मोजायची. पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्या, त्याही जेमतेम दोन. मधे कुठे थांबायची सोय नाही आणि तळाला टेकायचीही नाही. खालची पातळी तळापासून ०.१९ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर. खोली दुप्पट केली की तीच ०.२३ वर जाते, शिवाय वरच्या अंगाला तिसरी उगवते. पण कठड्यावरून मोजाल तर ती खालची पातळी ०.८१ वरून १.७७ वर, म्हणजे चांगलीच खोल गेलेली. सेक्रेटरी आणि मी, दोघेही बरोबर!

वर का यावी पण? तर इलेक्ट्रॉन इथे लहरीसारखा वागतो, आणि ती लहर भिंतीत थोडी झिरपलेली असते. (ठाण्यात राहणाऱ्याला भिंतीतली ओल समजावून सांगावी लागत नाही.) भिंत उंचावली की झिरपणं कमी होतं, लहर आत आक्रसते, आणि आक्रसली की तिची ऊर्जा वाढते. भिंतीतला वाटा कमी होत जातो तसा हा चढही मंदावतो. कठडा अगदी अनंत केला तरी ०.३८ च्या पुढे मजल नाही.

हे नुसतं वहीतलं गणित असेल असं मला वाटलं होतं. पण गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या पातळ थरात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत १९७४ साली अशा पातळ्या प्रत्यक्ष दिसल्या. तिथे कठडा वाढवायला गवंडी लागत नाही, शेजारच्या थरांत ॲल्युमिनियम जास्त घालायचं.

या मे महिन्यात सेक्रेटरींनी विचारलं, "पाणी किती?" मी म्हटलं, "तळापासून सांगू की कठड्यापासून?"

त्यांनी सरळ टँकर मागवला.